चार बोटं जागा

नट तिसऱ्यांदा निसटला आणि प्लंबरने कपाळावर हात मारला. कपाळावर हात मारण्यापुरती जागा होती, नट बसवण्यापुरती नव्हती.

नवा कमोड जुन्यापेक्षा वीतभर उंच होता. बुडाचे स्क्रू आवळून झाले होते. राहिला होता टाकीच्या पोटाखालचा एक प्लास्टिकचा नट, पाण्याची नळी टाकीला धरून ठेवणारा. एका बाजूला कमोड, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीनचा ओटा, मधे चार बोटं जागा. प्लंबरचा पंजा मनगटाशी अडकत होता आणि पाना तर आत वळतच नव्हता.

“हा ओटा कुठल्या शहाण्याने बांधला?”

“मी,” बाहेर खुर्चीवरून बाबा म्हणाले.

प्लंबरने जीभ चावली. “काम पक्कं आहे हो काका. पण थोडी जागा सोडायची ना.”

“मशीन मावत नव्हतं.”

“मग आता फोडावा लागेल. उद्या गवंडी आणतो. दोन दिवस धरा.”

“दोन दिवस?” लेकीने बाबांकडे बघितलं. बाबा समोरच्या वॉकरकडे बघत होते. आज संडास उखडणार म्हणून त्यांनी काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, सकाळचा चहासुद्धा परत पाठवला होता. पलंगावर पॉट घ्यायचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. खुबा मोडल्याला तीन महिने झाले होते, आणि तीन महिने त्या बुटक्या कमोडवरून लेकच त्यांना काखेत हात घालून उठवत होती. उठवताना दोघं उकाड्याबद्दल बोलायची. उकाडा नसला तरी.

“सरका,” ती प्लंबरला म्हणाली.

तिने घड्याळ काढलं आणि ओल्या फरशीवर आडवी झाली. गाल थेट कमोडला टेकला. नवा आहे, नवा आहे, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांना नट लागला. तिने फिरवला, तो फिरला, घट्टही झाला.

“चालू करा पाणी!”

पाणी आलं ते तिच्या कानात.

“नटाचा आटा तिरका बसला,” बाहेरून बाबा म्हणाले.

“दिसतंय मला!”

“दिसत नाही, तोच तर घोळ आहे. तू डोक्याने फिरवतेस. बोटाने—”

“बाबा, गप्प बसा जरा!”

प्लंबरने कॉक बंद केला. तिने पुन्हा फिरवला, नट पुन्हा तिरका गेला. खांद्याला रग लागली होती, केसांतून पाणी गळत होतं. ह्या घरात एक गोष्ट सरळ होईल तर शपथ, असं ती ओट्याला उद्देशून बोलली. मग गाल पुन्हा कमोडला टेकवला.

“बोला ना,” ती शेवटी म्हणाली.

“तूच म्हणालीस गप्प बसा.”

“बाबा!”

“आधी उलटा फिरव,” बाबा म्हणाले. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला तो आवाज एकदम सरळ झाला. “सोडवताना फिरवतो तसा. हळू. डोळे मीट. फिरवता फिरवता नट एका जागी जरासा आत बसेल. बोटाला कळेल.”

तिने डोळे मिटले. उलटा. अजून उलटा. बाबा श्वास धरून बसले होते, तिला ऐकू येत होतं.

टक्. इतकंसं.

“बसला!”

“आता सरळ. जोर नको. दोन बोटांनी जाईल तेवढाच.”

नट लोण्यात गेल्यासारखा वर चढला. प्लंबरने कॉक उघडला. टाकी भरली. त्याने खाली कोरडा कागद धरला, बाहेर काढून उलटसुलट बघितला आणि कोरडाच खिशात घातला. दोघं बाहेर आल्यावर तो म्हणाला, “ताई, उद्या एक काम आहे पलीकडच्या इमारतीत. हात देता का तुमचा?”

तिला हसायला यायच्या आत बाबा वॉकर ठोकत आत शिरले. सवयीने ती मागोमाग निघाली.

“तू कुठे?”

दार लागलं. ती ओल्या कपड्यांनिशी तिथेच उभी राहिली, हात थोडे पुढे धरून. प्लंबर अवजारं गोळा करत होता, नको तितक्या सावकाश.

“कोण आहे बाहेर?” आतून आवाज आला.

“मीच.”

“मग टीव्ही लाव. मोठ्याने.”

तिने टीव्ही लावला. कुणीतरी शेअर बाजाराबद्दल तावातावाने बोलत होतं. तिने आवाज आणखी वाढवला. त्यामुळे बाबा आपले आपण कधी उठले, ते तिला कळलंच नाही.