नवी नळी

त्याने दारावर थाप मारली आणि तेव्हाच गॅसचा वास आला. चिरलेली नळी बदलायची होती. नवी नळी फ्रिजवर पुडक्यातच पडून होती. रोज तो "उद्या नक्की" म्हणायचा. आईचं तसं नव्हतं. त्याची थाप ऐकली, की ती आधी चहाचं आधण ठेवायची आणि मगच कडी काढायची. "आई, गॅस पेटवू नकोस!" आत नळ सुरू होता. "ओरडतोस काय? आधण ठेवलं, की आलेच!" सर्दीने चोंदलेल्या नाकातून ती म्हणाली. नळ बंद झाला, लायटरची टकटक ऐकू आली. पुन्हा आली. तो दोन्ही हातांनी दार बडवू लागला. मग कडी निघाली. "मेला पेटतच नाही," लायटर नाचवत आई म्हणाली. "नवा आण म्हणून कधीची कानीकपाळी ओरडतेय!" त्याने धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि बूट न काढताच पुडकं फोडलं.