उजव्या हाताचं उत्तर

"मॅडम, कप माझ्याकडे द्या," ढोके सर दुसऱ्यांदा म्हणाले.

"राहू द्या हो सर. गरम आहे तोवर चहा घेते, आणि तुमचं ते मोबाईलचं तंत्रही पाहून घेते." काळबांडे मॅडमच्या उजव्या हातात शाळेच्या गंगूबाईनं आणून दिलेला कप होता. डाव्या हातात त्यांनी सरांचा फोन धरला आणि चौथीच्या वर्गासमोर उभ्या राहिल्या.

मॅडम शिक्षण विभागाच्या अधिकारी, अचलपूरहून खास हाच वर्ग पाहायला आल्या होत्या. इथे प्रत्येक पोरापाशी पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, चार बाजूंना अ, ब, क, ड. प्रश्न ऐकायचा, उत्तराची बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवला की पोरांची नावं फोनच्या पडद्यावर उमटत. बरोबर ते हिरवं, चूक ते लाल. ढोके सरांच्या वर्गाचा पडदा पहाटेच्या शेतासारखा हिरवागार असे. आसपासच्या शाळांच्या ग्रुपवर त्यांचाच निकाल पहिला. शाल-श्रीफळही घेऊन झालं होतं. आता बाकीच्या शाळांनी यांच्याकडून शिकावं, असं मॅडमच्या मनात होतं.

शिकण्यासारखं काय होतं ते एकट्या सरांना ठाऊक होतं.

ठरवून त्यांनी काही केलं नव्हतं. एकदा अर्धा वर्ग लाल निघाला, तेव्हा उजव्या हातातला फोन हलवत ते चिडून म्हणाले होते, "अ रे बाबांनो, अ." पोरं चलाख. पुढच्या वेळी सरांचा फोन उजव्या हातात दिसला आणि झाडून सगळी कार्डं अ वर. सरांनी ते पाहिलं, पण पोरांना अडवलं नाही. मग डावा हात म्हणजे ब, दोन्ही हात म्हणजे क, फोन छातीशी धरला की ड, हे आपसूक ठरत गेलं. परीक्षेच्या वेळी दार लोटून घ्यायची सवय सरांना तेव्हापासूनची. चोराच्या मनात चांदणं.

एकट्या मैनाला हे जमलं नाही. प्रश्न ऐकला की ती मान खाली घालून बोटं मोजत बसे. कधी चुके, कधी उशीर करे, आणि तिच्या एका लाल नावापायी वर्गाचे पुरे टक्के भरत नसत. लक्ष माह्याकडे ठेवत जा, असं सरांनी तिला कितीदा तरी दटावलं होतं. कालही, सगळ्यांसमोर.

मॅडमनी फोनमधला प्रश्न स्वतःच वाचला. बारा संत्री चौघांत सारखी वाटली तर एकेकाला किती? अ तीन, ब चार, क आठ, ड सोळा.

पोरांनी मॅडमच्या हाताकडे पाहिलं. डावा. कार्डं फिरली.

सर फळ्यापाशी उभे होते. त्यांनी आपला रिकामा उजवा हात वर केला, केसांवरून फिरवला, पुन्हा वर केला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. फोन मॅडमच्या हातात होता आणि पोरं फोनवाल्या हाताकडे बघत होती. शिकवलं होतं तेच तर करत होती.

मॅडमनी कॅमेरा फिरवला, तसा पडदा लाल होत गेला. त्यात एकच नाव हिरवं, मैनाचं.

"मोबाईल बिघडला वाटते," सर पुटपुटले, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मॅडमनी पुढच्या बाकावरच्या शिवमला उभं केलं आणि तोच प्रश्न तोंडी विचारला. तो पटकन म्हणाला, तीन. पौर्णिमाला विचारलं, तीन. मागच्या विपुलला तर हसूच आलं. त्याच्या घरची संत्र्याची बाग होती. तोही तीनच म्हणाला.

सरांचे कान तापले. पोरांना येत होतं. त्यांनीच कितीतरी दिवसांत विचारून पाहिलं नव्हतं.

"मंग कार्ड चारचं काहून धरलं रे?" मॅडमनी शिवमला विचारलं.

शिवमनं सरांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "चुकलं मॅडम," तो म्हणाला. पौर्णिमाही चुकलं म्हणाली, विपुलही. एवढी एवढी पोरं आपल्या मास्तरांची लाज झाकत होती. सरांना मान वर करवेना.

मॅडम मैनापाशी गेल्या. तिचं कार्ड मांडीवर पडलं होतं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाब्बास म्हणाल्या. मैना हसली नाही. ती भरल्या डोळ्यांनी सरांकडे बघत होती.

"सर, मी आजबी हाताकडे पाहाले इसरली," ती म्हणाली. "रागावू नका मले."

मॅडमनी अर्धा कप तसाच टेबलावर ठेवला आणि फोन सरांपुढे धरला.

सरांनी तो घेतला, नेहमीसारखा उजव्या हातात. आणि कुणी काही विचारलं नसताना समोरची कार्डं एकेक करत अ वर फिरली.

या खेपेला सगळ्यांत आधी मैनाचं.