एकच भिंत

"तुम्ही यांचे कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाजूच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. उत्तर तपासून घ्यायला आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईनंच दिलं. "शेजारी आहेत. म्हणजे, आमचं बोलणं नाही."

"आज आहे," म्हातारा म्हणाला.

बाई टॅक्सीतून जात असताना मागून गाडी धडकली होती. इस्पितळात मानेला पट्टा बांधला, डोक्याचा स्कॅन काढला, सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. कागदावर फक्त मान लचकल्याचं लिहिलं होतं. डोकं मात्र ठणकायचं थांबेना. सुईत दोरा ओवताना गरगरायला लागे, आणि हातातलं काम मनातून निसटून जाई. ज्या दुकानासाठी ती कपडे शिवायची, तिथली मालकीण म्हणाली, "वय होतंच हो माणसाचं," आणि दुसऱ्या कुणाला तरी काम देऊ लागली. आपल्याला वेड तर लागत नाही ना, असं बाईला वाटू लागलं होतं. ते विचारायला घरात कुणी नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, "असा मार स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. अपघाताच्या आधीच्या तुम्ही आणि आताच्या तुम्ही, दोन्ही पाहिलेलं कुणीतरी घेऊन या. मग मला ठामपणे लिहिता येईल."

एवढी साधी गोष्ट, पण तिथंच सगळं अडलं. बहीण लांब राहायची. ती फोनवर म्हणाली, "आवाज तर तुझा खणखणीत आहे." गिऱ्हाइकं कपडे पाहत, शिवणारीकडे कोण बघतं? शेवटी आज सकाळी तिनं शेजारचं दार वाजवलं. हा म्हातारा वर्षानुवर्षं तिच्या मशीनच्या आवाजावर भिंतीवर काठी आपटत आला होता. मनातल्या मनात ती त्याला ठकठक म्हणायची. दार उघडून तिला समोर बघताच तो म्हणाला, "मी आज काठीला हातसुद्धा लावलेला नाही."

"धडक बसल्यावर पहिलं काय आठवतं?" डॉक्टरबाईंनी बाईला विचारलं.

"चप्पल. माझी चप्पल कुणीतरी माझ्या हातात देत होतं. मी रस्त्याच्या कडेला बसले होते."

"आणि त्याच्या आधीचं?"

"टॅक्सीवाला जावयाबद्दल कुरकुर करत होता."

"मधलं?"

बाईनं बराच विचार केला. "मधलं काही नाही."

"हे इस्पितळात सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, बेशुद्ध पडला होतात का? मी नाही म्हटलं. पडले असते तरी मला कसं कळणार?"

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला यांच्यात काही फरक दिसला?"

"दिसायला मी यांना बघतो कुठं? ऐकतो." त्यानं घसा साफ केला. "आधी मशीनवर बसल्या की गायच्या. सूर नव्हता, पण गाणं पुरं करायच्या. आता गाणं बंद. मशीन जरा चालते, थांबते, परत चालते. रेडिओ आधी एवढा मोठा असायचा की मी भांडायला आलो होतो. आता लावतात आणि लगेच बंद करतात. दूध करपतं, वास माझ्याकडे येतो. बाहेर जाताना कुलूप लावतात, जिन्यापर्यंत जातात, परत येऊन ओढून बघतात. परत जातात, परत येतात. आधी असं नव्हतं." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि परवा दुपारी रडल्या."

बाईची मान खाली गेली. "दोन्ही बाह्या डाव्या कापल्या मी. कापड उलटायचंच विसरले. शिकाऊ पोरींना मी ह्याच चुकीसाठी रागवायचे." मग ती म्हाताऱ्याला म्हणाली, "परवा ठोकलं नाहीत तुम्ही."

"रडण्यावर कसं ठोकायचं?"

आपलं रडणं कुणी ऐकलं याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते निराळंच. त्या खोलीत आपण एवढे दिवस अगदीच एकट्या नव्हतो, या विचारानं तिला परत रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही.

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. धडकेनंतरचा काही काळ आठवत नाही. डोकेदुखी, आवाज सहन न होणं, लक्ष आणि स्मरण कमी, शेजाऱ्यांनी दुजोरा दिला. मेंदूला सौम्य मार.

"सौम्य?" म्हातारा म्हणाला.

"नाव तसंच आहे त्याचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक लोक बरे होतात, वेळ लागतो. आणि हे वेड नाही, बाई. वयही नाही. मशीन थोडे दिवस बंद ठेवायची."

बाहेर आल्यावर बाईनं कागद पिशवीत ठेवला. मग तो काढून पाहिला, आणि परत ठेवला. काठी टेकत म्हातारा तिच्या चालीनं चालू लागला. तिची चाल आता त्याच्यापेक्षाही हळू होती.

"म्हणजे आता मशीनही बंद," तो म्हणाला.

"तुम्हाला शांतताच हवी होती ना?"

त्यानं मान हलवली. ते हो होतं की नाही, तिला कळलं नाही. घराचा जिना आला. चढताना ती दोनदा थांबली, तोही थांबला. वर दोन दारं शेजारी शेजारी होती. तिनं कुलूप काढलं, आत एक पाय टाकला आणि तशीच वळली.

"दुपारी ठोका एकदा."

"डोकं दुखेल तुमचं."

"हळू ठोका," ती म्हणाली. "पण ठोका."