परमेश्वर सरांच्या मागे

परमेश्वर सर आजही पुढे होते.

गोविंदरावांना समोर फक्त त्यांच्या पोटऱ्या दिसत होत्या. चढ लागला तरी त्या थांबत नव्हत्या. नेमगिरीच्या पायथ्यापासून वाट झाडीत शिरते आणि वळसे घेत जुन्या लेण्यांपाशी निघते. गोविंदराव अर्ध्यातच एका सागाला धरून उभे राहिले.

"चला काका, थोडंच राहिलं," परमेश्वर सर मागे वळून म्हणाले आणि हसले.

ते हसणं गोविंदरावांच्या डोक्यात गेलं. सुमंगलालाही हा असाच हसून चढ चढवत असेल.

सुमंगला म्हणजे गोविंदरावांची बायको. जिंतूरच्या शाळेत शिक्षिका होती. शुगर निघाली तेव्हापासून तिनं पळायला सुरुवात केली. निळे बूट घालून पहाटे निघायची, उन्हं आल्यावर परतायची. "तुमच्या घोरण्यानं झोप तरी कुठं लागते? त्यापेक्षा पळते," म्हणायची. आली की उशाशी उभी राहायची. "अहो, उठा." हातात कधी पेरू, कधी सीताफळ. "एकदा चला ना माझ्यासंगं. वरून काय दिसतं बघा तरी."

गोविंदराव कूस बदलायचे.

गेल्या दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. बूट दारामागेच राहिले. यंदा पाऊस उघडल्यावर एका सकाळी गोविंदरावांना वाटलं, ती काय बघत होती ते बघून तरी यावं.

पायथ्याशी कमलबाई फळांची पाटी घेऊन बसली होती.

"इथं एक बाई पळायला यायच्या," गोविंदरावांनी विचारलं. "निळे बूट होते."

"त्या म्याडम व्हय? लय दिस झाले, दिसंनात. बदली झाली का?"

खरं काय ते गोविंदरावांच्या तोंडून निघेना. "झाली असेल," ते म्हणाले.

"लय ग्वाड बाई. आन् तोंडात सारखं परमेश्वर, परमेश्वर."

"देवाचं करायची ती."

"देवासंगं भांडतंय का कुणी?" कमलबाई हसली. "आज परमेश्वराशी बोलणार न्हाई म्हणायच्या, आन् घडीभरात पुन्ना त्याच्याच गोष्टी. लय जीव बगा त्याच्यावर. तुमी कोन त्येंचे?"

"ओळखीचा," गोविंदराव म्हणाले.

तेवढ्यात शेजारून एक उंच, सडसडीत माणूस पळत गेला. मागून पळणारे ओरडले, "परमेश्वर सर, जरा थांबा की!"

गोविंदरावांनी पुढं काही विचारलं नाही. त्या दिवशी ते डोंगर चढलेच नाहीत. संध्याकाळी बूट विकत आणले आणि दुसऱ्या सकाळी परमेश्वर सरांच्या मागं पळायला लागले. पळणाऱ्यांना वाटलं, काकांनी तब्येत मनावर घेतली.

पुण्याहून वैदेहीचा फोन आला. "बाबा, आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं. गुरुजींना सांगितलं का?"

"नाही. बघू."

"बघू म्हणजे? यात बघायचं काय आहे?"

गोविंदरावांनी फोन ठेवला. मुलीला काय सांगणार? आईला पाणी सोडायला हात उठेल की नाही, हे त्यांनाच कळत नव्हतं. आधी त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, मग पुढचं.

आज ते कसेबसे वर पोचले. परमेश्वर सर लेण्यांबाहेरच्या दगडावर बसून पाणी पीत होते. खाली झाडीवर धुकं होतं. धुक्यातून पळसाचे शेंडे वर आले होते आणि पलीकडच्या चंद्रगिरीवर पहिलं ऊन पडलं होतं. खरंच बघण्यासारखं होतं. हे सगळं तिनं याच्या शेजारी बसून बघितलं असेल, असं मनात आलं आणि गोविंदरावांना तिथं उभं राहवेना.

"घरी माहीत आहे का हो तुमचं?" त्यांनी एकदम विचारलं.

"पळायचं? बायकोच ढकलून बाहेर काढते की. का हो?"

"सुमंगला माहीत आहे?"

"कोण सुमंगला?"

"उगीच वेड घेऊ नका. निळे बूट. शाळेत होती. गेल्या वर्षी रोज यायची इथं."

परमेश्वर सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, मी जूनमध्ये आलोय बदलून. पालमला होतो. त्याआधी जिंतूर कसलं आहे तेसुद्धा बघितलं नव्हतं." त्यांनी बाटली पुढं केली. "पाणी घ्या. चेहरा उतरलाय तुमचा."

गोविंदरावांनी पाणी घेतलं नाही. ते वळले आणि उतरायला लागले.

माणूस खोटं बोलत नव्हता, ते दिसत होतं. म्हणजे परमेश्वर दुसराच कुणी होता. इतके दिवस निदान राग धरायला एक तोंड होतं. आता तेही गेलं. उतारावर दोनदा पाय घसरला. कुणी असेल तो, त्यानं तिचं हसणं ऐकलं, तिची भांडणं ऐकली, आणि आपल्या वाट्याला आली ती फक्त "अहो, उठा."

पायथ्याशी कमलबाई सीताफळं निवडत होती. डोळे उघडलेली एकीकडे, घट्ट एकीकडे.

"बसा, दम खा," ती म्हणाली. "पळायचं वय हाय का हे?"

"कमलबाई," गोविंदराव उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या म्याडमचा परमेश्वर. दिसायला कसा होता तो?"

"मला काय म्हाईत? येकदा तरी आला का हिकडं? म्या लय डाव म्हनलं, म्याडम, तुमच्या परमेश्वराला बी आना की पळायला." कमलबाईनं एक पिकलं फळ उचलून हळूच दाबून पाहिलं. "तर हसायच्या. म्हनायच्या, परमेश्वर घोरायलेत घरी. तू चांगली दोन निवडून दे, उठल्यावर खातील."