चौथी बाजू

देवदत्त सर नावेत चढून बसलेसुद्धा. त्यांची विद्यार्थिनी नीरजा मात्र अहिल्याबाई घाटाच्या खालच्या पायरीवर प्रबंधाचं नवं प्रकरण छातीशी धरून उभीच होती.

"ये, हात दे," सर म्हणाले. "पलीकडच्या काठावर रामनगरला निवांत वाचू. विभागात कुणाचा भरवसा नाही."

ते तिच्याशी नेहमी मराठीतच बोलत. सगळ्या विद्यापीठात हिंदी, आणि सरांच्या तोंडी तेवढी तिच्या रामघाटच्या घरातली भाषा. वर्षभर तिला त्याच भाषेचा काय तो आधार वाटत आला होता.

"आधी एक पान इथेच ऐका ना, सर."

"बरं, ऐकव."

मध्ययुगातल्या एका युरोपीय प्रेमकथेवर तिचा प्रबंध होता. कथेत राजा रानात हरिणीच्या मागे असतो, आणि त्याच वेळी महालात त्याचा सरदार एका मुलीला वश करत असतो. नीरजा वाचू लागली, "हाकारे तीन बाजूंनी ढोल बडवतात. चौथी बाजू शांत ठेवतात. हरिणीला वाटतं, सुटका तिकडेच आहे. शिकारी तिथेच बसलेला असतो. महालातही तसंच. सरदार मुलीला सांगतो, राणी तुझ्यावर रागावली आहे, मैत्रिणी तुझं वाईट चिंततात, आणि..."

ती थांबली. हे तिनंच लिहिलं होतं. लिहिताना काही जाणवलं नव्हतं, आता मात्र तिनं पानावरून नजर उचलून सरांकडे पाहिलं.

"छान लिहिलंयस. पुढे?" सर म्हणाले.

"सर, विद्युल्लता मॅडम माझ्यावर नाराज आहेत, हे मला कोणी सांगितलं?"

"मीच. विभागप्रमुख आहेत त्या, तू सावध राहावंस म्हणून सांगितलं."

"केयूर आणि विभागातले बाकीचे विद्यार्थी माझी टिंगल करतात, हे?"

सर घुटमळले. "तेही मीच. तुझ्या काळजीपोटी."

"शिष्यवृत्ती थांबणार, हेही तुम्हीच. दुसऱ्या कोणी मला कधी काहीच म्हटलं नाही. मीच सगळ्यांशी बोलणं सोडलं."

"हळू बोल, नीरजा. आधी बस तरी." त्यांचा हात अजून पुढेच होता.

मार्गदर्शक बिथरला तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःचीच लाज वाटत होती. तिनं हातातल्या पानाकडे पाहिलं. शेवटची ओळ वाचायची राहिली होती: सुटते ती एकच हरिणी, जी उलट फिरून ढोलांच्या दिशेनं पळते.

तिनं पानं पिशवीत घातली आणि एक पायरी वर चढली.

"मैं मैडम के पास जा रही हूँ, सर!" ती मोठ्यानं म्हणाली. "चैप्टर अब उन्हीं को दिखाऊँगी. आपके साथ नाव में नहीं बैठूँगी."

स्नान करणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. वरच्या पायरीवरच्या पुरोहितानं मंत्र थांबवला. सर मराठीत काहीतरी पुटपुटले, पण तोवर ती बरीच वर पोचली होती.

नावाड्यानं वल्हं हातात घेतलं, पायऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "अकेले ही चलिएगा, गुरुजी?"