जांभळं असेपर्यंत

"हिरे, श्वास जरा हळू सोड गं. फूल हलतंय," सुदाम पेंटर कुजबुजला.

त्याची बायको हिरा मास्कच्या आतून हसली. "जन्मभर माणसांना गंडवलंत. आता झाडालाही?"

"झाडाला नाही गं, डॉक्टरला."

वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक कुंडी असायची. धोतऱ्याच्या कुळातलं ते झाड पेशंटचा श्वास ओळखायचं. फूल जांभळं असेपर्यंत श्वासाचं मशीन चालू. पांढरं पडलं की पेशंटमध्ये राम उरला नाही असं धरून मशीन काढायचे आणि पुढच्याला लावायचे.

हिराचं फूल पहाटेच पांढरं पडलं होतं. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात ब्रश बुडवून सुदामने पाचवी पाकळी रंगवली आणि पावलं वाजताच ब्रश बाहीत कोंबला.

"वा! आजी टिकून आहेत," फुलाकडे बघून डॉक्टर म्हणाले. पुढच्या तीन पेशंटची फुलं पांढरी होती. त्यांची मशीनं मात्र त्यांनी संध्याकाळी काढायला सांगितली.

पेंटरची जांभळी बोटं डॉक्टरला दिसली नाहीत. शेजाऱ्यांना दिसली.

समोरच्या बेडवरच्या बाईची लेक कुंडी घेऊन आली. "काका, आमच्या आईचं पण करा ना." तिच्या मागे आणखी दोघं कुंड्या घेऊन उभे होते.

एरवी सुदामच्या तोंडात चेष्टा तयार असायची. आता त्याने नुसती बाटली हलवून बघितली. एका फुलापुरतंच औषध उरलं होतं, आणि हिराच्या फुलावरचा रंग उद्यापर्यंत उडणार होता.

"बघत काय बसलात?" हिरा धापा टाकत म्हणाली. "पाणी घाला त्यात. फिकट होईल, पण सगळ्यांना पुरेल."