चौकातली साखळी

पहिल्या रांगेतली एकच खुर्ची रिकामी होती. सूनबाईंनी तिच्यावर पर्स ठेवून ती धरून ठेवली होती आणि सारख्या मागे वळून हात हलवत होत्या. "बाबा, अहो, या ना पुढे!"

आजोबा हसून मान हलवत होते, पण जागचे हलत नव्हते. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे मोकळी फरसबंदी होती. तिच्याही कडेला ते उभे होते.

चौकाच्या मधोमध गोल छपराचा जुना दगडी बँडस्टँड. त्यावर शाळेचा बँड बसला होता. लाल कोट, पितळी बटणं. सगळे कोट आजोबांनी शिवलेले. त्यांतला सगळ्यात लहान कोट त्यांच्या नातीच्या अंगात होता. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. आज मात्र ट्रम्पेट मांडीवर घेऊन ती गप्प बसली होती. आज तिला पहिल्यांदाच एकटीनं वाजवायचं होतं. घरी सराव करताना समोर आजोबा शिलाई मशीनवर असत. सूर चुकला की मशीन थांबे, जुळला की पुन्हा सुरू होई. समोर आजोबा नसताना वाजवायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बँडमास्तर पानं लावत होते, तेवढ्यात भिंगरी सटकली.

"आजोबा, पुढे चला. तुम्ही दिसतच नाही मला."

"इथून झकास ऐकू येतं गं."

"तुम्हाला ऐकू येऊन मी काय करू? मला तुम्ही दिसायला पाहिजे!"

आजोबांनी चपलेच्या टोकानं खाली दाखवलं. तिथं फरशीलगत कापून टाकलेल्या लोखंडी खांबाचा गंजका ठिपका होता. थोडं पुढे दुसरा, मग तिसरा, असे गोल वळत गेलेले.

"इथं साखळी होती. साहेबाच्या राज्यात. संध्याकाळी त्यांचा बँड वाजायचा. खुर्च्या त्यांच्या, साखळीच्या आत. आपण बाहेर. मी आमच्या अण्णांचं बोट धरून इथंच उभा राहायचो."

"पणजोबांना गाणी आवडायची?"

"गाणी कुठली! बँडवाल्यांचे कोट त्यांनी शिवलेले ना. ते खांदे बघायचे. ढोलवाल्यानं हात उचलला आणि काखेत चुणी दिसली, की रात्रभर झोप नाही."

भिंगरी खुदकन हसली. "मग आत जाऊन जवळून बघायचं की."

"कोट आत जायचे. शिंपी नाही."

ती हसायची थांबली. "आता कुठाय साखळी?"

"साहेब गेले, तीही गेली. भंगाराच्या गाडीत टाकली, माझ्या डोळ्यांदेखत. सगळं कळतं गं मला. पण इथं आलो की पाय थांबतो. रोज वळसा घालून जातो. तुझा बाप हसतो मला."

भिंगरीनं त्या ठिपक्यांकडे नीट पाहिलं. "केवढी उंच होती?"

आजोबांनी गुडघ्याला हात लावला.

"एवढीच? मग ओलांडता येईल की!"

तिनं ट्रम्पेट डोक्यावर धरला, गुडघा छातीपर्यंत उचलला आणि एक पाय पलीकडे टाकला. मग दुसरा. वळून हात पुढे केला. "आता तुम्ही. जपून हं, पायात अडकेल."

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. तिकडे बँडमास्तर छडी हातात घेऊन आपली ट्रम्पेटवाली शोधत होते. आजोबांनी पँट चिमटीत धरून वर ओढली, पाय चांगला उंच उचलला आणि पलीकडे ठेवला. तोल गेला. भिंगरीनं हात घट्ट धरला. दुसरा पाय उचलायला वेळ लागला, पण तोही आला.

"अडकली नाही ना?"

"नाही गं," आजोबा म्हणाले.

सूनबाईंनी पर्स उचलली. भिंगरी धावत वर चढली, आणि समोरच्या खुर्चीकडे बघत तिनं पहिला सूर लावला. सरळ, खणखणीत.

उशीर झालेलं एक जोडपं लगबगीनं येत होतं. आजोबा कसे आत गेले, ते त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. ठिपक्यांपाशी बाई थबकली. खाली पाहिलं, काहीच नव्हतं. तरी तिनं कडेवरचं मूल सावरलं, पाय उंच उचलून पलीकडे टाकला आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघून या हो, इथं काहीतरी आहे."